पत्रांवर जळणारा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा आणि खरं सांगायचं तर जळकुकडा टेलिफोन आहे. कारखान्यातून निघालो तो थेट गाब्रोवो गावात, रोसित्सा नावाच्या शिक्षिकेच्या घरी आलो. तिची बालमैत्रीण दोन्का दूरच्या वार्ना शहरात राहायची. दर रविवारी दोघी माझ्यावरून तासभर बोलत. माझा तोरा काय वर्णावा! माझ्याखाली विणलेला रुमाल असे आणि तो रोज झटकला जाई.

मग रोसित्साची आई वारली. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला दोन्का आली नाही.

"मुलाला ताप होता गं," ती फोनवर म्हणाली.

"तुझं नेहमी काहीतरी असतंच! माझ्या आईच्या हातचं जेवून वाढलीस, विसरलीस? कृतघ्न!" रोसित्साने मला असं आदळलं की माझ्या रिसिव्हरला तडा गेला.

दोन वर्षं माझे रविवार मुके गेले. आज फिरवेल, उद्या फिरवेल, म्हणून मी वाट पाहिली. आणि एका फेब्रुवारीत बाईसाहेबांनी घेतला काय, तर कागद! तोही माझ्या शेजारी बसून. 'तू कृतघ्न' लिहिलं, खोडलं. कागद फाडला, दुसरा घेतला. शेवटी उरलं ते एवढंच: 'तू आली नाहीस. मला फार एकटं वाटलं.' सोबत तिने लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा ठेवली. एक मार्चला आमच्याकडे ती मनगटावर बांधतात, पण कुणीतरी प्रेमाने दिलेलीच. मला कुठला दोरा पाठवता येणार?

"दोन मिनिटांत फोन झाला असता," तिचा नवरा किरो म्हणाला. शाब्बास, किरो!

"दोन मिनिटांतच तर बिघडलं होतं," ती म्हणाली.

उत्तर आलं. 'ताप फारसा नव्हता. तुझ्या आईशिवाय ते घर बघायची हिंमत झाली नाही.' सोबत दोन्काची मार्तेनित्सा होती. रोसित्सा रडली, पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि पत्र उडू नये म्हणून तिने माझ्याखालीच दाबलं. त्या कागदाचं ओझं मी सांभाळायचं!

मग दर महिन्याला पत्रं येऊ लागली. एकदा दोन्काने फोन केला. मी हर्षाने खणखणलो. दोघी खूप हसल्या, पण रोसित्सा म्हणाली, "बाकीचं लिही गं. मला परत परत वाचता येतं."

मित्रांनो, त्या कागदाचा मला अजून हेवा वाटतो. माझ्याजवळ खोडायची सोय नाही. तोंडून निघालं ते गेलं. म्हणून जिवावर येतंय, तरी सांगतो. मित्रावर रागावलात तर मला हात लावू नका, कागद घ्या. राग निवला, की मग माझ्याकडे या. मी वाट पाहतो.