टोकापाशी गाऱ्हाणं

"डोळे मीट. आता काप. बोलते का बघ."

ती टेबलाएवढीही उंच नव्हती, तेव्हापासून आबांचा हा आवाज तिच्या कानात आहे. आबा ओल्या मलमलीची पट्टी ताणून धरत आणि ती दोन्ही हातांनी कात्री मिटत नेई. चांगली कात्री खिळ्यापासून टोकापर्यंत एका श्वासात बोलायची, कोणी कानाशी लागून गुपित सांगावं तशी. बिघडलेली टोकाशी येऊन अडखळायची. कापड कापलं न जाता पात्यांत दुमडून बसायचं. "ही मुकी," म्हणत आबा ती बाजूला ठेवायचे.

आबा गेले आणि कात्र्यांचा कारखाना तिच्याकडे आणि तिच्या धाकट्या भावाकडे आला. जाताना त्यांनी एकच अट घातली होती. दोघांचं एकमत झाल्याशिवाय दाराला कायमचं कुलूप लावायचं नाही.

धाकट्याचं मत ठरलेलं होतं. बाहेरच्या एका मोठ्या कारखान्यातून तयार कात्र्या घ्यायच्या, त्यांवर आपलं नाव उमटवायचं आणि विकायच्या. इथल्या भट्ट्या, ऐरणी, धारेची चाकं मोडीत काढायची.

"ताई, आपली कात्री चांगली हे मी कुठं नाकारतो?" चहाचा कप पुढं सरकवत तो म्हणाला. "लाखात एक आहे. पण लाखात एक घेणारं गिऱ्हाईकही लाखात एकच येतं. हो म्हण, नाही म्हण, पण अशी मिठाची गुळणी धरून बसू नकोस. उद्या दुपारी त्यांचा माणूस येतोय."

"बघते."

"महिनाभर बघतेच आहेस."

खरं तर तिचं बघून झालं होतं. धाकट्यानं नमुन्याच्या कात्र्या आणून दिल्या, त्याच दिवशी तिनं त्या आपल्या कात्र्यांत मिसळल्या. तपासणीच्या खोलीचं दार लोटलं, डोळे मिटले आणि एकेकीनं मलमल कापत गेली. बोलत्या उजवीकडे, मुक्या डावीकडे. आबा, आज दाखवतेच यांना, असं मनाशी म्हणत होती. डोळे उघडले तर उजवीकडे सगळ्या परक्या. आपल्या दोन-चार सोडल्या तर बाकी डावीकडे. पाटीवरचं चुकलेलं गणित पुसावं तसे तिनं दोन्ही ढीग हातानं एक करून टाकले.

हे ती कुणालाच बोलली नाही. भावाला सांगावं तर त्याच संध्याकाळी कुलूप. आणि कामगारांना सांगावं तर कुठल्या तोंडानं? ती गप्प आहे म्हणजे आपल्या बाजूनं उभी आहे, असंच त्यांनी धरलं होतं.

"त्यांची कात्री म्हणे! लोणी कापायला बरी," तेलपाण्याच्या बाकावरून भोंगा म्हणाली. या बाईचा आवाज धारेच्या चाकांच्या वर ऐकू येई, म्हणून तिचं नाव भोंगा.

"लोणीही उन्हाळ्यातलं हं," शेजारणीनं पुस्ती जोडली. सगळा बाक हसला आणि तेलाच्या चिंध्यांबरोबर बायकांचं नेहमीचं गाणं सुरू झालं:

_एक पातं हट्टी बाई, दुसरं पातं शहाणं_
_खिळ्यापाशी जमतं त्यांचं, टोकापाशी गाऱ्हाणं_

हे टोकाचं गाऱ्हाणं मिटवणं हे पात्यांना बाक देणाऱ्या काकांचं काम. पाती अगदी सरळ असली की एकमेकांवर नुसती घसरतात. त्यांना किंचित बाक हवा, मग जिथं कापायचं तिथंच धार धारेला भेटते. तो बाक काका हातोडीनं देत. किती द्यायचा, ते त्यांच्या मनगटाला ठाऊक. शिकायला आलेलं कुणी त्यांच्याजवळ टिकलं नाही. हातोडीनं त्यांचे कान कधीच नेले होते, त्यामुळे कात्री तपासणीला दिली की ते ताईच्या तोंडाकडे बघत राहत. ती मान डोलवी, मग ते पुढचं पातं उचलत.

काही वर्षांपूर्वी ते मनगट थरथरू लागलं. तिनं पाहिलं. तरी तिची मान डोलतच राहिली. टोकं ती दुसऱ्यांकडून गुपचूप घासून घेई, म्हणजे दुकानात चालून जाईल एवढं काम भागे.

दुसऱ्या दिवशी, तो माणूस यायच्या आत, काका फडक्यात गुंडाळलेली कात्री घेऊन आले. इतरांसमोर ते तिला ताई म्हणत. आज विसरले.

"पोरी, ही दाखव त्याला. आठवडाभर हिच्या एकटीच्याच मागं होतो. म्हणावं, अशी करून दाखव."

एकेक चाक थांबत गेलं. बायका चिंध्या हातात घेऊनच उठल्या. धाकटा दारात उभा होता. तोही आत आला आणि त्यानंच मलमलीची पट्टी भिजवून दोन्ही हातांत ताणून धरली, अगदी आबा धरत तशी.

तिनं डोळे मिटले. कात्री बोलू लागली. खिळ्यापासून मध्यापर्यंत, मध्याच्याही पुढं, आणि क्षणभर तिला वाटलं, आबा मागं उभे आहेत. मग टोक आलं. कापड दुमडलं.

डोळे उघडले तेव्हा काका तिच्या तोंडाकडे बघत होते. आशेनं नव्हे, सवयीनं. तिची मान आपोआप हलायला निघाली होती. एकदा डोलवली की भाऊ पुन्हा 'लाखात एक' म्हणणार, तिला पुन्हा 'बघते' म्हणता येणार, आणि उद्या काका ते थरथरतं मनगट घेऊन पुन्हा ऐरणीपाशी बसणार.

तिनं मान धरून ठेवली. ओठ हलले.

"काय म्हणालीस?" काकांनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल."

"मी सांगते की ओरडून!" भोंगा हसत पुढं सरसावली. "काय सांगायचं, ताई? फक्कड झाली म्हणू?"

"नको," ती म्हणाली. "मीच सांगते."

तिनं काकांचा हात आपल्या हातात घेतला. आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती ती बाई, पार भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काका, टोकाशी अडतेय. त्यांची अडत नाही. त्यांची बोलते, काका. आपली आता बोलत नाही. मला कधीचं माहीत आहे."