शेवटच्या रांगेतला पदर

चार रविवार झाले तरी तालीम मंडळाच्या हॉलातल्या लेथला कुणाचा हात लागला नव्हता. लाकूड कातायचं ते यंत्र लाल फीत बांधून कोपऱ्यात उभं होतं. उद्घाटन नगरसेवक हंबीररावांच्या हस्ते व्हायचं होतं आणि हंबीररावांना तारीख नव्हती. तोवर ‘कातकामाची पहिली पायरी’ हा वर्ग फळ्यावर भरत होता.

संयोगिताच्या पिशवीत पाळण्याचा मोडका दांडा होता. माळ्यावरून पाळणा उतरवताना कठड्याच्या बारा दांड्यांतला एक गेला. लेकीच्या बाळाचं बारसं पाचव्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी; गडहिंग्लजची सासरची मंडळी यायची. बाजारात गेली तर कारागीर म्हणाले, एका दांड्यासाठी मशीन लावत न्हाई, आख्खा पाळणाच नवा घ्या. त्या दिवशीच तिनं वर्गात नाव घातलं.

शिकवायला उन्मेष होता, तिच्या पोराच्या वयाचा. त्यानं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, फिरत्या मशिनजवळ सैल काही नको. पदर नको, ओढणी नको, माळ नको. या नियमाखाली वर्गातल्या तिन्ही बायकांची रवानगी शेवटच्या रांगेत झाली. दुसऱ्या रविवारी संयोगिता पोराचा टी-शर्ट घालून, अंबाडा आवळून आली. रांग बदलली नाही.

“मावशी, पदराची सवय असते हो. हात आपोआप जातो,” उन्मेष म्हणाला.

“माझा हात कुठं जातोय ते मला ठाव हाय की.”

पाचव्या रविवारी हंबीरराव दीड तास उशिरा आले, म्हणजे वेळेत आले. लेथला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मग पाहुण्यांचा सत्कार झाला. फेटा, हार, वर शाल. एवढा सगळा ऐवज अंगावर घेऊन हंबीरराव मशिनपाशी गेले. मशिनवर चौकोनी लाकूड आधीच चढवलेलं होतं. उन्मेषनं तोंड उघडलं, तालमीच्या अध्यक्षांकडं पाहिलं आणि मिटलं.

“सर, शाल,” संयोगिता मागून उन्मेषला म्हणाली.

“मावशी, बसून घ्या. फोटो चाललाय.”

ती बसली नाही. फीत कापली गेली, हिरवं बटण दाबलं गेलं आणि शालीचं टोक लाकडानं ओढून घेतलं. दोन वेढे बसेस्तोवर संयोगिता पोचली होती. तिनं लाल बटण दाबलं. हंबीररावांची हनुवटी लाकडापासून वीतभर अंतरावर थांबली.

“मशीन ताकदीचं हाय,” वाकल्या वाकल्या ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

शाल सोडवून झाली. अध्यक्षांनी माइकवर सांगितलं, की आता अल्पोपाहार, आणि सुरक्षेच्या कारणास्तव महिलांनी मशिनपासून लांब राहावं.

संयोगितानं हे शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग गोल पटाशी उचलली, ती टेकवायचा टेकू लाकडाजवळ सरकवून घट्ट केला, लाकूड हातानं एकदा फिरवून कुठं अडत नाही ते पाहिलं आणि हिरवं बटण दाबलं.

“अहो बाई, चहा घ्या की,” हंबीरराव म्हणाले.

“तुम्ही घ्या. माझं चार रविवारचं बाकी हाय.”

पहिल्याच घावाला पटाशी धाडकन उसळली आणि ढलपी उडून बॅनरवरच्या अध्यक्षांना लागली. तिचे हात कोपरापर्यंत झिणझिणले. वहीत लिहिलेलं होतं, आधी पटाशीची पाठ टेकवायची, मग हळूच धार. तिनं पाठ टेकवली. मागची मूठ जराशी उचलली. लाकडाचा आवाज बदलला आणि लांब, कुरळी सालं तिच्या उघड्या मनगटावरून खाली घरंगळू लागली.

आभारप्रदर्शन अकराव्या नावावर आलं तेव्हा लाकूड गोल झालं होतं. तिनं मशीन थांबवून मोडका दांडा शेजारी धरला.

“जाड झालाय,” उन्मेष जवळ येऊन हळूच म्हणाला.

“जाड हाय तवर काळजी न्हाई, अजून उतरवता येतंय. नक्षी कुठनं धरायची तेवढं दावा.”

तो दाखवायला पुढं वाकला. संयोगिताचा बटणाकडं निघालेला हात थांबला.

“सर, मागं सरा,” ती म्हणाली. “गळ्यात ओळखपत्र लोंबतंय.”