आरसा नसलेली मोटार

सावळदरीत पक्षाला पक्षाच्या नावानं कुणी ओळखत नसे. जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक लागली तेव्हा गावानं दोनच पार्ट्या मानल्या: एस्टीपार्टी आणि मोटारपार्टी. मलकापूरचे अर्जुनराव सांगत, मला निवडून द्या, नाल्यावर पूल टाकतो, दारात एस्टी आणतो. आमचे हिंमतराव पाटील उलट विचारत, "एस्टी सरकारच्या घड्याळावर येईन. तुमची म्हातारी लुगडं सावरत येईपर्यंत थांबनार हाय का ते? आपला बशीर थांबते." यात खोटं काही नव्हतं. रस्ता रुंद झाला तर पाटलांचीच जमीन जाणार होती, एवढंच ते भाषणात विसरत.

बशीर थांबायचा, हे खरं. त्याची मोटार लष्करानं मोडीत काढलेली, हँडल मारल्याशिवाय जागी न होणारी. जागा अकरांची, बसत एकोणीस. जो आधी आला तो आधी बसेल आणि टोपलीला भाडं नाही, हा त्याचा कायदा. फक्त आजारी माणूस नंबर मोडू शके. पाटलांनाही त्यानं एकदा टोपल्यांवर बसवून नेलं होतं. मोटारीला आरसा तेवढा नव्हता. "विकून खाल्ला का बे?" असं लोक विचारत. बशीर हसून हँडल मारी.

माझं किराणा दुकान थांब्यासमोर. त्यामुळे कोण कुठं जातो, का जातो आणि घरी काय सांगून जातो, हे तिन्ही मला ठाऊक. निवडणुकीचा अंदाज मी कागदावर मांडला. डावीकडे एस्टी, उजवीकडे मोटार. भाजी पिकवणाऱ्या बायका सगळ्या डावीकडे. रोज पहाटे त्यांच्यातल्या दहा-बाराजणी जागा नाही म्हणून मागं राहत आणि दुपारच्या खेपेपर्यंत त्यांची वांगी मान टाकत. उजवीकडे पहिलं नाव बशीरचं. बाकीची नावं पेन्सिलीनं लिहिली, त्याचं शाईनं. एस्टी आली की त्याची मोटार कोंबड्यांना अंडी घालायलाच उरणार होती.

मतदान चार मैलांवर वडगावला. ऐन उन्हाळा. बाप्ये पायी जातील, पण कडेवर पोर घेतलेल्या बायका मोटारीशिवाय जाणार नाहीत, हे जसं मला कळत होतं तसं पाटलांनाही. आदल्या दिवशी ते थांब्यावर आले.

"बशीर, उद्या मोटार बिघडू दे."

बशीर काच पुसत होता. "पाटील, ते बिघडते तवा मले इचारून बिघडत नाही."

पाटील समजून हसले. मीही समजून हसलो.

सकाळी थांब्यावर एक्केचाळीस बायका. बशीरनं हँडल मारलं. मोटार खोकली आणि गप्प झाली. पुन्हा मारलं. दहा वेळा मारलं. सदरा पाठीला चिकटला.

सोजराबाई म्हणजे वांग्यांवाल्यांची म्होरकी. ती म्हणाली, "बशीरभाऊ, नाटक मस्त जमलं तुमाले."

"अल्लाकसम बाई, खरंच बंद पडली."

"पाटलाचीबी घ्या एखांदी कसम!"

बायका हसल्या. मीही दुकानातून ओरडलो, "बशीर, आज कोनाले इचारून बिघडली बे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही. हँडल टाकून तो गावात निघून गेला. लपायला गेला, असं मी शेजाऱ्याला सांगूनही टाकलं.

अर्ध्या तासानं तो आला तो गावातल्या इंद्रभान शेतकऱ्याला आणि त्याच्या दोन बैलजोड्या घेऊन. विहिरीवरच्या मोटेचा नाडा मोटारीला बांधला, इंद्रभानला बैलांपाशी उभं केलं आणि स्वतः चाकावर बसला.

"बसा. नंबरानं बसा."

एकवीसजणी बसल्या. भोंगा शाबूत होता. पाटलांच्या दारावरून जाताना बशीरनं तो दोनदा वाजवला.

बैलांच्या चालीनं दोन तास जायला, दोन तास यायला. पहिली खेप परतली तेव्हा इंद्रभानच्या बैलांनी फेस गाळला होता. आणखी वीसजणी थांब्यावर. बशीर दमलेल्या बैलांचा नाडा सोडू लागला. तेवढ्यात पाटलांच्या वाड्यातून दोन धिप्पाड जोड्या निघाल्या. पुढं गडी, मागं डोक्यावर पदर घेतलेल्या सत्यभामाबाई, पाटलांच्या मंडळी.

"बैल उभेच हायेत," त्या म्हणाल्या. "अन् मलेबी जा लागते मताले."

"नंबर शेवटचा हाय तुमचा," बशीर म्हणाला.

"मंग शेवटी बसतो."

नाल्याच्या वाळूत चाकं रुतली. सगळ्या उतरल्या, सगळ्यांनी ढकललं. मतदान बंद व्हायला थोडा वेळ असताना वडगावच्या शाळेपुढं मोटार उभी राहिली. दारात हिंमतराव होते. त्यांनी आधी मोटार पाहिली, मग आपले बैल ओळखले, मग मागच्या पालथ्या टोपलीवरून उतरणाऱ्या आपल्या मंडळी. मीही मताला मोटारीमागून पायी आलो होतो; माझ्यादेखत त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि दारातून बाजूला सरून बायकांना वाट दिली.

अर्जुनराव तेहतीस मतांनी आले. मी घरी येऊन कागद काढला. पेन्सिलीची नावं खोडली गेली. शाईचं जाईना, म्हणून कागदच फाडला.

पूल व्हायला दीड वर्ष लागलं. एस्टी आली त्या पहाटे साऱ्या बायका टोपल्यांसकट चढल्या. कंडक्टरनं टोपलीचंही तिकीट मागितलं तेव्हा सोजराबाईनं त्याला बशीरभाऊंचा कायदा ऐकवला, पण चढली. गाडी गेली. धूळ बसली. थांब्यावर मी आणि बशीर.

मी म्हणालो, "तुले त्या दिवशी पाटलानं आयतं सांगितलं होतं. मोटार खरोखर बंद पडली होती, कोनी दोष देला नसता. काऊन केलं बे?"

"दुकानदार, आरसा कवा काढला म्हाईत हाय का? पयल्याच वर्षी. निघालो का आरशात मांगं राह्यलेल्या बायका दिसे. टोपली तशीच डोक्यावर. वळनापर्यंत दिसे." तो थांब्याकडे बघत होता. "मंग काढून ठेवला."

आता मोटारीचं इंजीन इंद्रभानच्या विहिरीवर पाणी उपसतं. बशीर माझ्या शेजारच्या खोलीत इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या दारावर मोटारीचा तो जुना आरसा टांगलेला आहे. गिऱ्हाईकं त्यात भांग पाडतात. पहाटेची एस्टी सुटली की बशीर हातातलं काम सोडून एकदा त्यात पाहतो. त्यात समोरचा थांबा दिसतो, रिकामा.