मुठीचा डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात चेपलेला. डब्याला डोकं नसतं, नुसतं झाकण असतं. तरीही सध्या माझ्या झाकणाखाली मोठा गोंधळ माजला आहे. तुम्ही शाळेत जाता, चार गोष्टी शिकता. माझी हकिगत ऐका, तुम्हाला कदाचित काही उलगडेल.

माझा जन्म तेलासाठी झाला. तेल संपलं आणि मी गोंदियाच्या बाजारात भंगाराच्या ढिगावर येऊन पडलो. तिथल्या एका कारागिराने माझं तोंड कापलं, कडा ठोकून बोथट केल्या, वर कडीचं झाकण बसवलं. मग फुलवंताबाई आल्या. त्यांनी मला उलटापालटा करून पाहिलं, टिचकी मारली आणि विकत घेतलं. चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावाकडे आम्ही एसटीने निघालो. त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "तेल हाये का यात?"

"नाई," फुलवंताबाई म्हणाल्या, "देवाचं हाये."

मी तर तेव्हा पार रिकामा होतो. तरी मला फार बरं वाटलं.

गावात थोडीच ख्रिस्ती घरं, पण त्यांची एक चाल होती. भात टाकायच्या आधी घरातली बाई तांदळातून एक मूठ बाजूला काढायची, आणि काढताना कुणा एकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. कुणाचा ताप, कुणाची हरवलेली शेळी, कुणाचं अडलेलं लग्न. त्या मुठी घरच्या गाडग्यात साठत आणि रविवारी उपासनेला येताना माझ्यात ओतल्या जात. म्हणून माझं नाव पडलं मुठीचा डबा. उपासना सुटली की फुलवंताबाई मला डोक्यावर घेत आणि ज्या घरी चूल अडली असेल तिथे नेऊन रिता करत. ते घर चर्चला येणारं आहे की नाही, हे त्या पाहत नसत. त्यांच्या शेजारच्या शामकलाबाईंकडे जंगलातल्या जुन्या देवांची पूजा चालते. त्यांच्याही चुलीजवळ मी कितीतरी वेळा बसलो आहे.

पण खरं सांगू? मला रिकामं राहायचा कंटाळा यायचा. सकाळी भरावं आणि संध्याकाळी पुन्हा ठणठणाट. आपणही कधी काठोकाठ भरून ऐटीत बसावं, अशी माझी फार इच्छा होती.

ती पुरी झाली. गावाला बरे दिवस आले. चर्चच्या मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, खाली फरशी आली, माइक आला, कीबोर्ड आला. एका नाताळात मंडळीचे वडीलधारे केवलरामजी यांनी तांदळाचं पोतं आणून मला काठोकाठ भरलं. झाकण दाबून ते म्हणाले, "आता पाहाले नोको!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला निळा रंग दिला, त्यावर पांढरी फुलं काढली.

डबा भरलेला, तेव्हा मूठ काढायची कुणाला आठवण राहणार? घरोघरची गाडगी माळ्यावर गेली. दर रविवारी अर्पणाच्या वेळी मला पुढे नेत. पास्टर प्रफुल माझ्या झाकणावर हात ठेवून प्रार्थना करत. काय सुंदर प्रार्थना करतात ते! ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. सगळे जोरात "आमेन" म्हणत आणि मला परत कोपऱ्यात ठेवत. तोच तांदूळ, तीच प्रार्थना, तोच कोपरा. मी खूश होतो. तेही खूश होते. फक्त आतून मला काहीतरी वळवळल्यासारखं वाटायचं, पण म्हटलं, भरल्यावर असंच वाटत असेल.

मग मोहफुलांच्या दिवसांत फुलवंताबाई यायच्या बंद झाल्या. एक रविवार गेला, पुढचा गेला. लोक एकमेकांत बोलू लागले, "फुलवंता विश्वासात थंडी पडली." त्यांचं नाव प्रार्थनेत आलं आणि तिथेच राहिलं. 'आमच्या या बहिणीला प्रभू पुन्हा जागं करो.' आमेन! उन्हाळा गेला, पावसाळा गेला, धान कापणीला आलं, तरी दर रविवारी आमेन. मित्रांनो, फुलवंताबाईंचं घर बोरिंगच्या पलीकडे आहे. त्यांचा कोंबडा आरवला तर चर्चमध्ये ऐकू येतो. एवढे लोक देवाला हाक मारतात आणि बोरिंगपर्यंत कुणी जात नाही, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नाही.

नवं धान घरी आल्यावर चर्चमध्ये होणारा हंगामाचा सण आला. त्या दिवशी केवलरामजींची नवी सून रीना एका कटोऱ्यात तांदूळ घेऊन आली. ती गोंदियाची. तिच्या माहेरी मूठ काढायची चाल अजून होती, ती तिने सासरीही चालू ठेवली होती. तिने माझं झाकण उघडलं.

"मामाजी, यात तर जागाच नाहीये."

"भरला हाये मनून जागा नाई. वरून टाकून दे."

"पण हा तांदूळ जातो कुठे? कोणाला देतो आपण?"

केवलरामजींनी पास्टरकडे पाहिलं. पास्टरनी माझ्याकडे. रीनाने कोपरापर्यंत हात आत घातला आणि चटकन बाहेर काढला. तिच्या हाताला सोंडे चिकटलेले होते. माझ्यात खालपर्यंत पीठ झालं होतं, जाळी धरली होती, कुबट वास सुटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पास्टर आपल्या हाताकडे पाहत राहिले.

"मी याच्यावरच हात ठेवून..." ते म्हणाले.

"पहिले कोण वाटायचं?" रीनाने विचारलं.

"फुलवंता," केवलरामजी म्हणाले. "पण थंडी पडली ते."

"तुम्ही भेटले का तिला?"

"प्रार्थना करून राहिलो ना तिच्यासाठी! दर रविवारी!"

 रीनाने मला अंगणात उलटा केला. गावच्या कोंबड्या धावत आल्या. मग तिने मला घासलं, उन्हात वाळवलं, सणाला आलेला नवा तांदूळ माझ्यात भरला आणि मला उचलून थेट बोरिंगच्या पलीकडे, फुलवंताबाईंच्या घराकडे चालू लागली. केवलरामजी आणि पास्टर मागोमाग निघाले.

दारातच शामकलाबाई भेटल्या. हातात पेजेची वाटी होती.

"आता आले काय?" त्या कडाडल्या. "मोहफुलं वेचता वेचता पडली, मांडीचं हाड मोडलं. बाज सोडली नाई तवापासून. तुमचं गानं आमाले इथवर आयकू येते. तुमाले हिचं रडनं आयकू नाई आलं?"

आत फुलवंताबाई बाजेवर होत्या. किती वाळल्या होत्या! रेशनच्या दुकानात अंगठा द्यायला जाता येईना, तेव्हापासून शामकलाबाई आपल्या कोठीतला तांदूळ आणून त्यांना शिजवून घालत होत्या. मला वाटलं, आता या रागावतील, तोंड फिरवतील. पण मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"डबा आनला? जय मसीह की! काऊन एवढे दिवस लावले? मी वाट पाहून राहिली होती."

कुणालाच काही कळेना. रीनाने घाईघाईने माझ्यातला नवा तांदूळ त्यांच्या कोठीत ओतला. तेवढ्यात फुलवंताबाईंनी बाजेखालून एक गाडगं ओढून काढलं. त्यात तांदूळ होता, निवडलेला, स्वच्छ.

"माह्यानं चालनं होत नाई. शामकला शिजवाले तांदूर आनते, त्यातलीच मूठ काढत होती. कोनी तरी डबा घेऊन येइन मनलं." मग त्या केवलरामजींकडे वळल्या. "तुमच्या आपरेशनचं शामकलानं सांगतलं मले, बरं झालं ना? दिसून राहिलं ना आता चांगलं? तुमच्या नावाची मूठ लय दिवस काढली मी."

केवलरामजींच्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. तो काही त्यांना लवकर लावता आला नाही.

रीनाने ते गाडगं माझ्यात ओतलं. मी अर्धासुद्धा भरलो नाही. पण मित्रांनो, काठोकाठ भरलो तेव्हाही मला कधी इतकं जड वाटलं नव्हतं.

"आता हा कोणाले द्याचा?" केवलरामजींनी हळूच विचारलं.

"बाहेर उभी हाये ना ते," फुलवंताबाई म्हणाल्या. "मले देऊन देऊन तिची कोठी खाली झाली. न्या तिच्याकडं."

केवलरामजींनी मला स्वतःच्या डोक्यावर घेतलं. वयाने वाकलेले, मंडळीत मान असलेले केवलरामजी! शामकलाबाईंच्या दारात ते बराच वेळ नुसते उभे राहिले. "ठेवा मंग, उभे काऊन हाये," त्या म्हणाल्या. संध्याकाळी मी चर्चच्या कोपऱ्यात परत आलो तेव्हा माझ्यात एक दाणा नव्हता.

तेव्हापासून माझा गोंधळ काही संपत नाही. भरलेला होतो तेव्हा माझ्यात सोंडे होते आणि माझ्यावर फुलं काढलेली होती. जिला थंडी पडली म्हणत होते, ती बाई बाजेवरून सगळ्यांसाठी देवाजवळ मागत होती. आणि तिला जगवलं ते आमच्या चर्चची पायरी कधी न चढलेल्या शामकलाबाईंनी. यात विश्वासात कोण होतं, मला सांगता येत नाही. गेल्या रविवारी पास्टर प्रार्थनेत मध्येच थांबले, माझं झाकण उघडून आत पाहिलं आणि मग पुढे बोलले. त्यांनाही बहुतेक सांगता येत नसावं.

तुमच्याही देवाच्या घरी माझ्यासारखं काही रंगवून, भरून ठेवलेलं असेल. त्याला नमस्कार करायच्या आधी, मित्रांनो, एकदा आत हात घालून बघा. आणि ज्याचं नाव प्रार्थनेत घ्याल, त्याच्या घरी आधी जाऊन या. मला पुसून चकचकीत करू नका, माझी फुलं पुन्हा रंगवू नका. एवढंच करा, मला फार दिवस भरलेला ठेवू नका.