सोफ्याच्या डोळ्यांत खुपलेलं स्टूल

मी समुपदेशन कक्षातला सोफा. माझी कहाणी ऐकायला वेळ असेल तर बसा, आणि शक्यतो माझ्यावरच बसा. आधीच सांगून ठेवतो, मी मत्सरी आहे. माणसं आडून आडून जळतात, तसं मला जमत नाही. मी उघड जळतो.

माझा जन्म चांगल्या हातांनी झाला. लाकूड पुरतं वाळल्याशिवाय सुताराने त्याला रंधा लावला नाही. मोरपंखी कापड चढवून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "यावर बसणारा लवकर उठायचा नाही." ते वाक्य मी उराशी धरलं. दुकानात एका नव्या जोडप्याने मला जवळजवळ पसंत केलं होतं, पण सासूबाईंनी रंगाला नाक मुरडलं. मग कॉलेजची समिती आली आणि मला घेऊन गेली.

कॉलेजात माझं स्वागत थाटात झालं. प्राचार्यांनी फीत कापली. मुलांवर फार ताण असतो, त्यांना मन मोकळं करायला हक्काची जागा हवी, असं ते भाषणात म्हणाले. मला अगदी भरून आलं. नंतर प्राध्यापक मंडळी माझ्यावर दाटीवाटीने बसली, फोटो निघाला आणि सगळे चहाला गेले. माझं प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं राहूनच गेलं.

समुपदेशक बाई दर गुरुवारी यायच्या. भल्या बाई, समजूतदार. टेबलामागे बसून त्या दाराकडे बघायच्या आणि मीही बघायचो. बाहेर दारावर ठसठशीत अक्षरांत 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती आणि दारासमोरच वेळापत्रकाचा फळा. दिवसभर कुणी ना कुणी तिथे घोळका करून उभं. आत मात्र चिटपाखरू नाही. आजकालच्या मुलांना चांगल्या वस्तूची पारखच नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो.

आमची खोली म्हणजे पूर्वीची वजनकाट्यांची खोली. शेजारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि मध्ये काचेची खिडकी. आतून जायला एक दारही होतं, पण त्याच्यापुढे जुन्या काट्यांचं कपाट उभं केलेलं. त्या खिडकीतून मला ते स्टूल दिसायचं.

काय होतं हो त्या स्टुलात? एक पाय आखूड. बसायच्या फळीवर आयोडिनचे डाग, कडेला कुणीतरी ब्लेडने कोरलेली अक्षरं. बेसिनच्या बाजूला कसंबसं तग धरून उभं. आणि त्याच्यावर सतत कुणीतरी बसलेलं.

याला कारण रसायनशास्त्राच्या मॅडम. शिस्तीच्या बाबतीत कडक. त्यांचा एक नियम होता. प्रॅक्टिकलमध्ये ज्याच्या हातून काच फुटेल, त्याने संपल्यावर थांबायचं आणि सगळी काच धुवायला मदत करायची. मॅडम नळाखाली ब्रशने घासायच्या, थांबलेलं पोर त्या स्टुलावर बसून पुसायचं. मॅडमची नजर बेसिनकडे. काय झालं, कसं झालं, असं त्या कधी खोदून विचारत नसत. फार तर विचारायच्या, "जेवलास का?" नाहीतर, "घरी फोन केलास?" आणि बीकर पुसता पुसता पोरं बोलू लागायची. कुणाचं घरचं भांडण, कुणाची परीक्षेची धडकी, कुणाला खोलीतल्या सोबत्याचा जाच. मला काच आडवी, तरी सगळं ऐकू यायचं. मी मऊ, मी रुंद, मी खास याच कामासाठी आणलेला, आणि मन मोकळं होतंय कुठे, तर त्या लंगड्या स्टुलावर. माझ्या स्प्रिंगा कुरकुरायच्या.

त्यात ती मुलगी आली. दुसऱ्या वर्षाची, वसतिगृहात राहणारी. दर प्रॅक्टिकलला तिच्या हातून काही ना काही फुटायचं, म्हणून वर्गाने तिचं नाव ठेवलं फोडकर. "फोडकरबाई, आज काय?" असं विचारून मुलं खिदळायची. ती हसायची आणि मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसायची. बोलत मात्र नसे. नुसती पुसत राहायची.

मला ते पटेना. हात तिचा असा स्थिर, की द्रावणात गुलाबी छटा यायच्या थेंबालाच ती ब्युरेटची तोटी बंद करायची. अशा हातातून टेस्ट ट्यूब निसटते कशी? एकदा मी डोळ्यांनी पाहिलं. तिने आजूबाजूला बघितलं, ट्यूब टेबलाच्या कडेबाहेर धरली आणि सोडून दिली.

माझा जळफळाट काय झाला म्हणून सांगू. त्या स्टुलावर बसायला मिळावं म्हणून कुणी काच फोडतं, आणि माझ्यासाठी कुणी साधं दार ढकलत नाही.

मॅडमच्याही ते लक्षात आलं असावं. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "हातातून निसटली?"

तिने हातातला बीकर पुसून खाली ठेवला. मग ती म्हणाली, "नाही. सोडली."

मॅडमनी नळ बंद केला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला थोडं बरंही वाटलं.

"पुढच्या वेळी फोडू नकोस," मॅडम म्हणाल्या. "नुसती थांब."

झालं, मुलीचा बांध फुटला. झोप उडालीय, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, तासांना जावंसंच वाटत नाही. दोन पेपर राहिलेत आणि घरी सांगितलेलं नाही, कारण वडील अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत की पोरगी शास्त्रज्ञ होणार. बॅग भरून ठेवलीय. कुणाला न सांगता कॉलेज सोडून जायचं आणि घरीही जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. मग जायचं कुठे, असं मॅडमनी विचारलं, तर तिने पुसलेलाच बीकर पुन्हा पुसायला घेतला. तेव्हा पहिल्यांदा मी स्टुलाला विसरलो. मलाही भीती वाटली.

मन घट्ट कर, आमच्या वेळी असं नव्हतं, यातलं मॅडम काहीही बोलल्या नाहीत. हात पुसून त्या तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "मला ऐकता येतं गं, पण तुझी झोप का उडाली ते मला नाही कळायचं. ज्यांना कळतं त्या बाई उद्या येतात, इथे शेजारीच. भेटशील?"

"त्या दारातून?" ती म्हणाली. "समोर सगळा वर्ग उभा असतो, मॅडम."

मॅडमनी त्या दाराचा कधी विचारच केला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मीही केला नव्हता. रात्री तिला एकटं राहू द्यायला नको, म्हणून मॅडम तिला आपल्या घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून ते काट्यांचं कपाट रेटलं. प्रयोगशाळेतून आतलं दार उघडलं. मी छाती फुगवून तयार झालो. मुलगी आत आली, आणि येताना काखोटीला ते स्टूल घेऊन आली. माझ्यासमोर मांडलं आणि त्याच्यावर बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्यावर मॅडम बसल्या. प्लॅस्टिक करकरलं. दिवसभर उभं राहून शिणलेलं अंग होतं ते. त्यांनी टेकल्या टेकल्या असा सुस्कारा सोडला, की यांना कोण विचारतं "जेवलात का", असं माझ्या मनात आलं. समुपदेशक बाईंनी बोलायला सुरुवात केल्यावर मॅडम उठल्या. मी पलीकडेच आहे, म्हणाल्या. मग बोलणं चाललं होतं तोवर पलीकडे नळ वाहत राहिला. धुण्याजोगं एवढं काही नव्हतंच.

पुढे बरंच चाललं. एका गुरुवारात काही सगळं निस्तरलं नाही. डॉक्टरांकडेही जावं लागलं. मॅडमनी बाकीच्या प्राध्यापकांशी बोलून राहिलेल्या कामाला मुदत मिळवली. प्राचार्यांच्या मागे लागून बाहेरची पाटी काढायला लावली. वडिलांना फोन मुलीने स्वतः केला, त्या स्टुलावर बसूनच, दुसरं कुठे बसणार? तिने सगळं सांगितलं. मग वडील म्हणाले, "चार दिवस घरी ये. बॅग मात्र अर्धीच आण." ती रडता रडता हसली.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. परवा पहिल्या वर्षातली एक मुलगी प्रयोगशाळेत फुटक्या फ्लास्कजवळ उभी होती. फोडकरने काचेकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "फोडायला नको होतं. नुसतं थांबलीस तरी चालतं." आणि तिला आतल्या दाराने घेऊन आली.

"इथे बस," तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा मऊ आहे." मग तिने माझं प्लॅस्टिकचं कव्हर ओढून काढलं, आणि स्टूल पुढ्यात ओढून त्यावर स्वतः बसली.

शिकवणाऱ्यांनो, सोफा आणलात, चांगलं केलंत. पण पोरांना आमच्यापर्यंत आणायला आधी तुमच्यापैकी कुणीतरी थांबावं लागतं. तेवढं थांबा. आणि एक वैयक्तिक मागणं आहे. त्या स्टुलाचा आखूड पाय कुणी दुरुस्त करू नका, तेवढं सुख तरी मला राहू द्या.

ती नवी मुलगी फ्लास्कमधल्या आयोडिनने ओल्या झालेल्या हाताने माझी कड घट्ट धरून बसली होती. मोरपंखी कापडावर तिच्या पंजाचा डाग पडलाय. झाडणाऱ्या मावशींनी खूप घासला, पण जात नाही. स्टूल समोरच असतं. तो डाग मी त्याला रोज दाखवतो.