जन्मतारखेचा उतारा

“ऊठ गौते, ऊठ! माझ्याकडं काय बघतीस, खांबाकडं बघ! पाय न्हाईत तुला, पंख हायेत!”

वीस वर्षं झाली, तरी चांगदेव गुरुजींचा हा आवाज गौतमीच्या कानातून गेला नव्हता. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेकाठच्या वस्तीवर त्यांची दोनशिक्षकी शाळा. शाळेमागचं काटवन त्यांनी स्वतः तोडलं, बाभळीचे दोन खांब सोलून रोवले आणि वस्तीवरच्या पोरींना खो-खो शिकवला. पोरी सातवी होऊन मोठ्या शाळेत गेल्या, तरी दिवस कलताना गुरुजींच्याच मैदानात यायच्या. कुणाचा गुडघा फुटला तर गुरुजी आपल्या रुमालानं रक्त टिपायचे आणि खिशातला शेंगदाणा-गूळ तिच्या तळहातावर ठेवायचे. तो गूळ गौतमीनंही खाल्ला होता. म्हणूनच तिचा राग इतका मुरला होता.

कारण त्याच गळ्यातून तिनं दुसरंही एक वाक्य ऐकलं होतं. दौंडच्या मैदानात, चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या ऐन तोंडावर समोरच्या संघानं तिच्या वयाची तक्रार केली. स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर जन्मतारीख तेरा एप्रिल ब्याण्णव. शाळेच्या रजिस्टरात एक जून एक्याण्णव. अर्ज धरला तर तेराची, रजिस्टर धरलं तर साडेचौदाची. अक्षर दोन्हीकडं गुरुजींचंच. पंच होते हनुमंत आप्पा. त्यांनी विचारलं, “गुरुजी, खरी कुठली?”

गुरुजींनी एकदा पोरीकडं बघितलं, मग जमिनीकडं. म्हणाले, “रजिस्टरची. अर्जावरची पोरीनं खोटी सांगितली.”

संघ बाद झाला. गौतमीवर वर्षाची बंदी आली. परतीच्या टेम्पोत आठ मैत्रिणींपैकी एकही तिच्या शेजारी बसली नाही. वस्तीवर नाव पडलं, ‘खोटी गौती’. आई भागुबाई मात्र भाकरी थापता थापता मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी:

निळ्या पताकांचा दोर, गं माझ्या हातात राहिला,
जयंतीच्या आदल्या दिशी, माझ्या लेकीनं दिस पाहिला.

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तेरा एप्रिलला. भागुबाई मरेपर्यंत ते म्हणत राहिली. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, मानलं कुणीच नाही.

गौतमी पुन्हा पळाली नाही. शिकली, पंचाची परीक्षा दिली, दौंडला शाळेत लागली आणि गेल्या वर्षी भीमाकाठ खो-खो मंडळाची सचिव झाली. मंडळ दरसाल एका मार्गदर्शकाला मानपत्र देतं. या वर्षी अर्जांच्या गठ्ठ्यात वरच होता चांगदेव गुरुजींचा. येत्या महिन्यात ते निवृत्त होत होते.

अर्ज हातात आला तेव्हा तिला झालेला आनंद चांगला नव्हता, हे तिला कळत होतं. तिनं तो पुरवून पुरवून खाल्ला.

पहिल्या खेपेला गुरुजींना तिनं अर्धा दिवस बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं, “फोटोवर सही नाही, गुरुजी.” दुसऱ्या खेपेला खेळाडूंची यादी टाइप करून मागितली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, “आता या एकतीस जणींच्या जन्मतारखांचे उतारे. रजिस्टरवरून. शिक्क्यासह.”

“आणतो, मॅडम,” गुरुजी म्हणाले. ‘गौते’ म्हणायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. तिनंही ते होऊ दिलं नव्हतं.

ते जिना उतरले तसा शिपाई कोंडिबा म्हणाला, “मॅडम, आजून दोन चकरा मारल्या तर एस्टीवाले ह्यांच्या नावाची सीट राखून ठेवतील बघा.”

“ठेवू द्या की.”

“काय घोडं मारलंय वं त्यांनी तुमचं?”

“चहा सांगा, कोंडिबा.”

शुक्रवारी निवड समिती बसली. अध्यक्ष हनुमंत आप्पा, तेच ते जुने पंच. शेजारी शिक्रापूरच्या संघाचे सम्राट सर. आणि टेबलाच्या टोकाला गौतमी. गुरुजी घामानं भिजलेली फाइल छातीशी धरून उभे राहिले. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही.

“आवो, गुरुजींचं काय तपासायचं?” आप्पा म्हणाले. “आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. करा सही आन् मोकळं व्हा.”

“तपासणी सचिवाचं काम हाय, आप्पा.” तिनं उतारे मोजले. “एकतीस. एक कमी हाय, गुरुजी.”

“यादीत एकतीसच हायेत.”

“यादीच कमी हाय. दोन हजार पाच साली, ह्याच दौंडात, सात नंबर कुणाच्या पाठीवर होता?”

सम्राट सर मोबाइल खाली ठेवून बघू लागले. गुरुजींनी फाइलच्या शेवटच्या कप्प्यातून घडी घातलेला एक कागद काढला. तिचाच उतारा. म्हणजे आणला होता. मागितला नसता तर दाखवला नसता.

तिनं मंडळाच्या दप्तरातून काढून ठेवलेला तिचा जुना प्रवेश अर्ज त्या कागदाशेजारी मांडला. दोन्ही आप्पांच्या पुढ्यात सरकवले.

“दोन कागद, दोन तारखा, अक्षर एक. असं का, ते सांगा. म्हंजी मी शेरा लिहिते.”

“लेखनिकाची चूक आसंल,” गुरुजी पुटपुटले.

“तुमच्या शाळेत लेखनिक कवा होता?”

तिनं अर्जावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

“आईनं सांगितली न्हवती तारीख?”

आप्पा अवघडले. “जाऊ द्या गं बाई. वीस वर्षांची गोष्ट. माणूस रिटायर व्हायलाय.”

“मी तेरा वर्षांची होते, आप्पा. तवा तुम्ही ‘जाऊ द्या’ म्हणाला न्हाईत.” तिनं पेनचं टोपण काढलं. “पाच वाजता मुदत संपतीय, गुरुजी. शेरा न्हाई तर मानपत्र न्हाई. आन् ‘चूक आसंल’ हा शेरा मी लिहिणार न्हाई.”

गुरुजींची नजर फिरत फिरत फाइलवर आली. सगळी हयात त्या पुठ्ठ्यात होती आणि तो पुठ्ठा तिच्या हाताखाली होता. ते वाकतील, हात जोडतील, मग ती नाही म्हणेल. किती रात्री तिनं हेच बघितलं होतं.

गुरुजी वाकले नाहीत. त्यांनी तिच्या हाताखालून फाइल काढून मिटली आणि हनुमंत आप्पांकडं तोंड केलं.

“आप्पा, सांगितली व्हती. भागुबाई दोनदा आली व्हती शाळंत. तेरा एप्रिलच म्हणाली.”

“सावकाश बोला,” गौतमी म्हणाली. पेन कागदावर टेकलं होतं. “मी लिहून घेतीय.”

“पयलीच्या पटावर पोरं कमी पडत व्हती. वर्ग बंद झाला असता. म्हणून चार वर्षांच्या पोरी पाचाच्या लिहिल्या मी. हिची एकटीची न्हाई, वस्तीवरच्या निम्म्या पोरांची तारीख एक जून हाय. स्पर्धेच्या अर्जावर मातर हिची खरी लिहिली, कारण हिला खेळवायची व्हती.” “तुम्ही विचारलं तवा खरं बोललो असतो, तर रजिस्टर उघडलं असतं, आन् माझी नोकरी गेली असती. नोकरीला भ्यालो. पोरीला पुढं केलं.”

मग ते तिच्याकडं वळले. पहिल्यांदाच, तिच्या नजरेला नजर देऊन.

“भागुबाई जिती आसताना तिच्या दारात जाऊन हे सांगाया पायजे व्हतं, गौते. दारापतुर गेलोबी एकदा. ती भाकरी थापत तुझी ओवी म्हणत व्हती. मी ऐकली, आन् माघारी फिरलो.”