चांगदेवचा पाठ

"उड्या मारायला शिकवायला सरकार मास्तर ठेवतंय, आनि त्या मास्तरला उड्या शिकवायला दुसरा मास्तर! ह्या देशाचं काय व्हनार रं?"

रावजी चिखलात कमरेत वाकून, मान वर न करता बोलत होता. लावणी ऐन भरात होती आणि त्याचा एकुलता एक पोरगा पांढरीशुभ्र हाफ पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून बांधावर उभा होता.

"बाबा, परीक्षक आलेत. आजच पाठ घ्यायचाय. मला मानसं द्या."

"आनि भात कोन लावील? तुजा परीक्षक?"

चांगदेवने मुंबईत वर्षभर राहून शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला होता. मल्लखांबात, लेझमीत पोरगा कुणाला ऐकत नसे. पण परीक्षकासमोर वर्गाकडून कवायत करून घ्यायचा शेवटचा पाठ आला आणि हा कांजिण्यांनी अंथरुणाला खिळला. कॉलेजने मेहेरबानी केली. परीक्षकच गावाकडच्या शाळेत येतील, पाठ तिथे द्या म्हणाले. म्हसळ्याच्या अलीकडे त्यांच्या गावात नवीनच हायस्कूल निघालं होतं आणि व्यायामशिक्षकाची जागा त्याच्यासाठी अडवून धरली होती. पाठ बिघडला तर जागा पनवेलच्या कुणाला तरी जाणार, आणि चांगदेव मामाच्या मिठागरावर मीठ ओढायला. ते मिठागर त्याला स्वप्नातसुद्धा दिसायचं.

मेहेरबानीत खोट एवढीच, की कॉलेजने दिवस दिला तो आषाढातला.

परीक्षक गुप्तेसाहेब सकाळी एस्टीतून उतरून, चिखल तुडवत शाळेत पोचले, तेव्हा तिथे हेडमास्तर आणि पावसामुळे आडोशाला आलेली एक शेळी, एवढीच हजेरी होती.

"मुलं कुठं आहेत?"

"लावणीला, साहेब."

"बरं, मैदान तरी दाखवा."

हेडमास्तरांनी खिडकीतून बोट केलं. मैदानात गुडघाभर चिखल होता आणि त्यात रावजी भात लावत होता. मैदान म्हणजे रावजीचंच खाचर. भात कापलं की शाळेला खेळायला मोकळं, पाऊस लागला की पुन्हा भाताला. गावात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. गुप्तेसाहेबांना मात्र वाटलं. वर्ग आणि मैदान दोन्ही हवं, नाहीतर आपण नापास लिहून संध्याकाळच्या गाडीने निघालो, असं त्यांनी बजावलं. म्हणून तर चांगदेव बापापुढे हात जोडून उभा होता.

शेवटी रावजीची थोरली बहीण ठमाबाई मध्ये पडली. "दे रं रावज्या घटकाभर. पोराच्या जल्माचा सवाल हाय."

"देतो. पन खाचराच्या भायेर कुनी पाय टाकायचा न्हाय. काय कवायत करायची ती हितंच."

असा तो वर्ग उभा राहिला. निम्मी शाळेतली पोरं, निम्मे त्यांचे आईबाप, पाठीवर पावसासाठी पानांची इरली आणि समोर नुकतंच लावलेलं भात. मागच्या चिखलात लावणी अजून व्हायची होती. त्या मागच्या बांधावर छत्री घेऊन गुप्तेसाहेब, तर कडेच्या बांधावर चांगदेव. त्याने शिट्टी मारली आणि माणसं ओळीत आली. लावणीची सवय, ओळ दोरी धरल्यासारखी सरळ.

"उत्तम!" गुप्तेसाहेब म्हणाले.

चांगदेवला धीर आला. त्याने छाती फुगवली. "सावधान! पुढे चल!"

सगळी ओळ एका तालात मागे चालू लागली.

"थांब!" चांगदेव ओरडला. थांबले. "पुढे चल!" पुन्हा सगळे मागे.

"अहो, हे उलटे चाललेत!" गुप्तेसाहेब किंचाळले.

"मंग काय फुडं जायाचं?" ठमाबाईने कमरेवर हात ठेवला. "फुडं लावलेलं हाय न्हवं? जल्मभर लावनी मागं सरतच केली. रोपावर पाय घातला तर ह्यो रावज्या तंगडी मोडंल माजी!"

"पुढे म्हणजे पुढेच!" साहेब चवताळले. "एकदा संधी देतो. नाही जमलं तर नापास!"

चांगदेवने भाताकडे पाहिलं. लहानपणी रोपावर पाय पडला म्हणून बापाने किती वेळा बडवलं होतं! यातला एकही माणूस मेला तरी भात तुडवणार नव्हता, आणि तुडवावं असं त्यालाही वाटत नव्हतं. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मागे फिर!"

चिखलातून पाय उपटत सगळे फिरले. आता भात पाठीमागे आणि समोर मोकळा चिखल.

"पुढे चल!"

आणि ओळ पुढे निघाली! पचक पचक पचक, हात हलवत, इरली डुलवत, आणि मधोमध रावजी पोरापेक्षा मोठ्याने "एक दोन, एक दोन" करत. चांगदेव बघतच राहिला. त्या आनंदात थांबवायचं तो साफ विसरला. ओळ सरळ साहेबांच्या बांधावर चढली. साहेब एक पाऊल मागे सरले, आणखी एक सरले, आणि छत्रीसकट पलीकडच्या खाचरात बसले.

"पास! पास आहात तुम्ही! थांबवा यांना!"

"थांब!"

सगळे बांधावर थांबले. रावजीसुद्धा. तलाठ्यापुढे कधी मान न वाकवलेला माणूस, हात मांड्यांना चिकटवून, छाती काढून पावसात उभा. चांगदेवला भडभडून आलं. पुढची आज्ञा द्यायची सोडून तो बाहीने डोळे पुसत राहिला. ओळही जागची हलेना.

बराच वेळ झाला तेव्हा रावजीच, मान न वळवता, हळूच म्हणाला, "गुरुजी, रडून झालं आसंल तर इश्राम द्या. लावनी खोळंबलीया."